देह नश्वर, मग तेल कशाला?

ज्या दैवताची आपण उपासना करतो त्याच्या अंगाला भस्म, खांद्याला झोळी आणि डोक्यावर औदुंबराची सावली. एवढाच त्याचा संसार. आणि त्याचे आम्ही भक्त मात्र पहाटे उठून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो, जीभ घासतो, तळपायाला तेल चोळतो, दुपारी जेवणावर ताक घेतो, रात्री शतपावली घालतो. हे बरोबर आहे का? नश्वर देहाचे इतके चोचले दत्तभक्ताला शोभतात का?

प्रश्न माझा नाही. काकड आरतीनंतर आमच्या मंदिराच्या ओट्यावर निवृत्त मंडळी टेकतात, तिथे एका ज्येष्ठ गृहस्थांनी तो काढला. वय ब्याऐंशी. गुरुचरित्राची पारायणं किती झाली याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही. त्यांचा रोख आमच्यातल्याच एकावर होता, जे निवृत्तीनंतर आयुर्वेदाच्या फार मागे लागले आहेत. त्यांनी लगेच कालिदासाचं प्रसिद्ध वचन पुढे केलं, की शरीर हेच धर्माचं पहिलं साधन. दोघेही आपापल्या जागी ठाम. तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, उभी नोकरी बँकेत कारकून म्हणून केली. शास्त्राचा अधिकार माझा नाही. पण दोन वह्यांतल्या नोंदी जुळत नसल्या की चैन पडत नाही, ही नोकरीने लावलेली सवय अजून गेलेली नाही. म्हटलं, मूळ कागद काढून बघूया.

पहिला कागद कालिदासाचा. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वती शंकरासाठी तप करते आहे. शंकर बटूच्या वेषात येतो आणि तिची विचारपूस करतो. समिधा-दर्भ मिळतात ना, स्नानाजोगं पाणी आहे ना, आपली शक्ती बघूनच तप करतेस ना? आणि त्या विचारपुशीला जोडून ते वचन येतं. म्हणजे आपण जे वाक्य स्वतःसाठी काढा उकळताना म्हणतो, ते मुळात एकाने दुसऱ्याला विचारताना म्हटलेलं आहे. ‘तुझं बरं चाललंय ना?’ असं विचारण्याचं ते कारण आहे. हे मला आधी ठाऊक नव्हतं आणि वाचल्यावर फार बरं वाटलं.

दुसरा कागद तर आपल्या घरचाच. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. तो अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराज, अशी आपली परंपरा. चोवीस गुरू आपण सगळे जाणतो. पृथ्वी, वायू, अजगर, मधमाशी, जिभेपायी गळाला लागणारा मासा. पण चोवीस संपल्यावर अवधूत आणखी एका गुरूचं नाव घेतो, आणि ते बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. तो म्हणतो की माझा हा देहही माझा गुरू आहे, कारण विवेक आणि वैराग्य यानेच मला शिकवलं. आणि लगेच पुढे म्हणतो की याच्या साहाय्याने मी तत्त्वचिंतन करतो खरा, पण हा आहे परक्याचा, हे मी पक्कं जाणून आहे.

परक्याचा! ओट्यावरच्या ज्येष्ठांना हा शब्द सांगितला तर ते म्हणतील, बघा, मी काय म्हणत होतो? परक्याच्या वस्तूला तेल कशाला लावायचं?

इथे मला माझी खिडकी आठवली. काही वर्षं मी सोनेतारण कर्जाच्या टेबलावर होतो. सराफ येऊन दागिना कसाला लावी, वजन करी, मग पुडकं बांधून त्यावर लाखेची मोहर. तिजोरीला किल्ल्या दोन, त्या दोघांकडे. एकट्याला ती उघडता येत नसे. त्या सोन्यात आमचा जीव कधी अडकला नाही. दिवसभर हाताळून संध्याकाळी आम्ही लोकलच्या गर्दीत उभ्याने घरी. पण ‘सोनं काय, मातीच ती’ असं म्हणून एखादा पुडकं टेबलावर उघडं टाकून डबा खायला गेला असता, तर त्याला कोणी विरक्त म्हटलं नसतं. निलंबित केलं असतं. आणि तेच सोनं घरी नेऊन बायकोच्या गळ्यात घातलं असतं तर गोष्ट पोलिसांपर्यंत गेली असती. आपलं असलं तर माणूस एखादे वेळी हयगय करील. परक्याचं असलं की हयगयही नाही आणि मिरवणंही नाही.

तेव्हा ‘देह माझा नाही’ या एकाच वाक्यातून दोन अर्थ निघतात. माझा नाही म्हणून टाकून देतो, हा एक. माझा नाही म्हणून जपतो, हा दुसरा. अवधूत दुसऱ्या अर्थाचा असावा असं मला वाटतं, आणि त्याला एक पुरावाही आहे. यदुराजाने पाहिलेला अवधूत तरुण आहे, समर्थ आहे, बोलायला गोड आहे. खंगलेला, कण्हणारा नाही. राजाला नवल वाटतं तेच याचं, की काही करत नाहीस आणि असा प्रसन्न कसा? शिवाय आपले महाराज काशीला स्नान करतात, कोल्हापुरी भिक्षा घेतात आणि माहूरगडी निजतात. स्नानाची वेळ ठरलेली, जेवणाची ठरलेली, झोपेची ठरलेली. घरदार सोडलेल्याचीही दिनचर्या आहे. सुटलाय तो संग्रह. गुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायात श्रीगुरू आचारधर्म सांगतात तेव्हा तेही पहाटे उठण्यापासून, शौच आणि दात घासण्यापासूनच सुरुवात करतात. पारायणात हा अध्याय आला की आपण जरा भरभर वाचतो, हे खोटं का बोला.

आता तिसरा कागद, वाग्भटाचा. त्याच्या अष्टांगहृदयातला सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय म्हणजे दिनचर्या. गणेश कृष्ण गर्दे यांचा ‘सार्थ वाग्भट’ मराठीत आहे. जुन्या घरांतून असे. पहिल्याच श्लोकात ब्राह्म मुहूर्तावर उठायला सांगितलं आहे, पण कोणाला? निरोगी माणसाला. हा शब्द लोक विसरतात आणि रात्री दोनपर्यंत खोकणाऱ्या म्हाताऱ्याला साडेचारला उठवतात. पुढे दात घासायला खैर, करंज, वड यांच्या काड्या. त्यातही अजीर्ण, ताप, दमा, तोंड आलेलं असताना काडी वापरू नये अशी सूट आहे. मग रोज तेल लावणं. त्याने म्हातारपण, थकवा आणि वात हटतो, आणि डोकं, कान आणि तळपाय यांवर विशेष लावावं. आपण अभ्यंग करतो तो नरक चतुर्दशीला, वर्षातून एकदा, तोही घड्याळाचा गजर लावून! गरम पाणी मानेखाली घेतलं तर बळ देतं, डोक्यावरून घेतलं तर केसांना आणि डोळ्यांना बाधतं. व्यायाम आपल्या निम्म्या शक्तीइतकाच. म्हाताऱ्यांनी तर करूच नये असं वाग्भट म्हणतो. आमचे डॉक्टर म्हणतात रोज चाला. मी चालतो आणि धाप लागायच्या आत बाकावर बसतो. दोघांचंही राहतं.

इथपर्यंतचं सगळं आपल्याला वर्तमानपत्रात, तेलाच्या जाहिरातीत वाचायला मिळतं. पण अध्याय इथे संपत नाही. स्नान-भोजन झालं की वाग्भट म्हणतो, सगळ्या प्राण्यांची धडपड सुखासाठी असते, आणि धर्मावाचून सुख नाही. आणि मग त्याच दिनचर्येत, वेगळा अध्याय न काढता, हिंसा, चोरी, चहाडी, कठोर बोलणं अशी दहा पापं टाळायला सांगतो. ज्याला पोटापाण्याचं साधन नाही, जो आजारी आहे, जो शोकात आहे त्याला यथाशक्ती हात द्यावा. किडा-मुंगीलाही आपल्यासारखं मानावं. मागायला आलेल्याला तोडून टाकू नये. आणि एक अगदी छोटी सूचना आहे, की एकट्याने सुखी होऊ नये.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. जीभ घासण्याइतकंच सहज ते सांगितलेलं आहे. सकाळी उठून तेल लावलं आणि सुनेला टाकून बोललो, तर दिनचर्या अर्धीच झाली. ही अर्धी दिनचर्या आजकाल फार चालते. जो भाग बाटलीत भरून विकता येतो तेवढाच पुढे आला आणि उरलेला मागे पडला.

माझ्या पाहण्यातलं एक घर सांगतो. नाव-गाव नको. घरातले आजोबा आयुर्वेदाचे कडक. पहाटे कोमट पाणी, मग काढा, मग तेल कोमट करून, मग ताज्या दुधीचा रस, साडेदहाला मुगाचं कढण. प्रकृती ठणठणीत आहे, नाही असं नाही. पण त्यांच्या ब्राह्म मुहूर्तासाठी त्यांची सून चार वाजता उठते. तिची नोकरी ठाण्याला, रात्री घरी पोचायला आठ. तेल लावून आजोबा न्हाणीघरात जातात ती फरशी मागून कोणीतरी साबणाने घासावी लागते. सुनेला पस्तिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. आजोबा मला म्हणाले, ‘तिला सांगतो दिनचर्या पाळ, ऐकत नाही.’ मी काही बोललो नाही, कारण दुसऱ्याच्या घरात बोलायची पद्धत नाही. पण घरी येताना हिशेब मनात आपोआप मांडला गेला. जमा एका खात्यात आणि नावे दुसऱ्याच खात्यात, आणि ते खातं ज्याचं आहे त्याला विचारलेलंच नाही. याला बँकेत काय म्हणतात ते वाचकांनी समजून घ्यावं.

अवधूताचा ‘परक्याचा’ हा शब्द इथे मला नव्याने कळला. मुळात त्याचा अर्थ असा, की देह शेवटी दुसऱ्यांच्याच वाट्याला जाणार आहे, त्यावर हक्क सांगू नका. पण आमच्या वयात तो अर्थ मरणापर्यंत थांबत नाही. गुडघा गेला की धरायला दुसऱ्याचा हात लागतो. पडलो तर उचलायला दुसरे. अंथरुणाला खिळलो तर कूस बदलायला दुसरे. देह माझा म्हणायचा पण भार वाहणार भलतेच. म्हणून मी जे काही करतो ते या हिशेबाने करतो, की उद्या या परक्यांच्या हाती माल जाईल तो शक्य तेवढा कमी बिघडलेला जावा. हा अर्थ भागवतकारांनी सांगितलेला नाही, माझा मीच लावला आहे. चुकत असेल तर जाणत्यांनी सांगावं.

मी करतो ते फार थोडं आहे. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आत, आणि दही रात्री नाही, ताक घ्यायचं ते दुपारी. उठल्यावर जीभ घासणं. थंडीच्या दिवसांत एक दिवसाआड तिळाचं तेल. आता मार्गशीर्षात तर हवंच, हेमंतात अंगाला तेल आणि पोटाला सकस अन्न मानवतं असं आयुर्वेदही सांगतो आणि आपली आजीही सांगत होती. तेल खुर्चीत बसून, खाली जुनं धोतर अंथरून लावतो, पाय कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय फरशीवर ठेवत नाही. तेल वाताला चांगलं, पण तेलकट पायाने मोडलेलं खुब्याचं हाड कुठल्याच तेलाने सांधत नाही. धोतर माझं मीच धुतो. रात्री सौभाग्यवतींच्या तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळतो, कारण तिच्या पायांची आग होते आणि तिला वाकता येत नाही. पहिल्या दिवशी तिने पाय ओढून घेतले, नवऱ्याने पायाला हात लावायचा म्हणजे काय! आता वाटी तीच आणून ठेवते.

गुरुचरित्राच्या सप्ताहाचा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. सात दिवस पहाटे उठणं, हविष्यान्न, चटईवर झोप, बोलणं कमी. पाचव्या-सहाव्या दिवशी अंग कसं हलकं होतं! आणि मग मावंद्याला पुरणपोळीवर तुपाची धार, शेजारच्याचा आग्रह आणि रात्री सोडा शोधत फिरणं. सात दिवसांत मिळालेलं आपण एका पंगतीत परत करतो. कोणी म्हणेल, तेराव्या अध्यायात श्रीगुरूंनी पोटशूळाच्या ब्राह्मणाला जेवायलाच घातलं होतं ना? घातलं होतं. अन्न पोटात गेलं की जीव जायची पाळी यायची, म्हणून तो महिना-पंधरा दिवसांतून एकदा जेवणारा, आणि कंटाळून नदीत जीव द्यायला निघालेला. त्याला श्रीगुरूंनी अन्नच औषध म्हणून दिलं. पण त्या कथेत मला नेहमी सायंदेवाचं वाटतं. त्याच्या घरी जेवण व्हायचं, आणि तो घाबरलेला, की हा जेवला आणि मेला तर ब्रह्महत्या माझ्या माथी. तरी त्याने पान वाढलं. दुसऱ्याच्या देहाची जोखीम त्याने श्रीगुरूंच्या शब्दावर घेतली. तिथे श्रीगुरू समोर होते. आपल्या मावंद्याच्या पंगतीला आपली आम्लपित्ताची गोळी आपण घरी विसरलेले असतो, एवढाच फरक.

याच्या उलट टोकाचंही पाहिलं आहे. आमच्या बरोबरीच्या एकाने मेथी आणि कारल्याच्या रसावर विसंबून साखरेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, वैद्यांनाही नाही. तीन महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि मुलाने बिनपगारी रजा टाकून महिनाभर दवाखान्यात रात्री काढल्या. भक्तीचा आणि आयुर्वेदाचा यात काही संबंध नाही. चरकाने याला फार चांगला शब्द दिला आहे, प्रज्ञापराध. बुद्धी, धीर आणि स्मृती यांपैकी काहीतरी सुटतं आणि माणूस नको ते करून बसतो. रोगाच्या मोठ्या कारणांत चरकाने तो धरला आहे, आणि त्याला ‘अपराध’ म्हटलं आहे हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मग ही दिनचर्या कशासाठी करायची? आपल्याकडे कर्माचे प्रकार आहेत. काम्य म्हणजे काहीतरी हवं म्हणून केलेलं, नित्य म्हणजे संध्येसारखं, फळ न मोजता करायचं. शंभर वर्षं जगायचं म्हणून तेल लावलं तर ते काम्य झालं, आणि मग दोन महिन्यांत गुडघा राहिला नाही की माणूस चिडतो आणि सोडतो, किंवा आणखी महाग तेल आणतो. नित्य म्हणून लावलं की चिडायचं कारणच राहत नाही. दर नोव्हेंबरात आम्ही पेन्शनवाले बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो, ‘मी जिवंत आहे’ अशी सही करतो. आहे जिवंत, ते ठीक. पण वर्षभर कसा होतो, हे त्या कागदावर लिहायला जागा नसते. वाग्भटाने ती जागा ठेवली आहे. दिनचर्येच्या शेवटाकडे तो सांगतो की माझे दिवस-रात्र सध्या कसे चालले आहेत, मी कसा झालो आहे, हे जो रोज आठवतो त्याच्या वाट्याला दुःख येत नाही. आम्ही रोज संध्याकाळी रोकड जुळवल्याशिवाय घरी जात नसू, त्यातलाच हा प्रकार. फरक पडला तर त्याच दिवशी सापडतो. आठवड्याने शोधायला गेलं की सगळ्या पावत्या उपसाव्या लागतात.

एक गोष्ट मात्र अजून मला जुळवता आलेली नाही. नित्यकर्म चुकलं तर दोष लागतो म्हणतात. मग ज्याला करताच येत नाही त्याचं काय? माझ्या थोरल्या वहिनींना चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. आयुष्यभर पहाटे पाचला सडा-रांगोळी करणारी बाई. आता तिला कोणी उठवायचं तेव्हा उठायचं, कोणी भरवायचं तेव्हा जेवायचं. वाग्भटाच्या पहिल्या श्लोकातला तो निरोगी माणूस ती नाही, म्हणून नियम तिला लागू नाही, हे पुस्तकी उत्तर झालं. पुतणी रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिच्या हातापायांना तेल लावते. या अभ्यंगाची नोंद कोणाच्या खाती करायची? लावणारीच्या, की लावून घेणारीच्या? लावून घेणंही सोपं नसतं. वहिनींना ते वर्षभर जमलं नव्हतं, रडत असत.

परवा गुरुवारी आरतीचा प्रसाद घेऊन गेलो होतो. पुतणी तेल लावत होती आणि वहिनी डाव्या हाताने तिचं मनगट धरून काहीतरी सांगू बघत होत्या. दोन-तीनदा प्रयत्न झाला. मला वाटलं दुखतंय. पुतणी म्हणाली, ‘नाही काका, ती रोज हेच विचारते, तू काही खाल्लंस का म्हणून.’